दिव्याला टोपी घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी भूम तालुक्यातला शेतकरी. थ्री फेज लाईट रात्रीची असली की हरभऱ्याचं दारं धरायला जागावंच लागतं. वाफा भरेपर्यंत मी बांधावर बसून जुन्या बाजारातल्या कॅमेऱ्यानं तारकागुच्छांचे फोटो काढतो. लोक हसतात, हसू द्या.

कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या तारकागुच्छाशेजारीच असतो, तेव्हा त्याच्या उजेडापायी कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. काम अमावास्येचं. दोन फळ्या, दाराची बिजागरी आणि एका फेऱ्याला १ मिलिमीटर सरकणारी आट्यांची सळई एवढंच माझं यंत्र. बिजागरीचा रोख ध्रुवाकडे, म्हणजे आमच्याकडे क्षितिजापासून साडेअठरा अंश वर. सळई बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर. मिनिटाला तिचा एक फेरा दिला की कॅमेरा आकाशाबरोबर सरकतो. तीस-तीस सेकंदांचे चाळीस फोटो घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. आजी लहानपणी कृत्तिका मोजायला लावायची, सहाच्या पुढं माझी गाडी जात नसे. गेल्या वर्षीच्या फोटोत त्या मोजायचं मीच सोडून दिलं. भोवतीचं निळसर धुकंही उतरलं होतं. ते धुळीवर पडलेला त्या ताऱ्यांचाच उजेड.

यंदा गावच्या चौकात उंच खांबावरच्या दिव्यांचा हायमास्ट लागला. गाव शेताच्या पूर्वेला, दोन किलोमीटरवर, आणि कृत्तिका संध्याकाळी तिकडूनच वर येतात. जुना पिवळा सोडियमचा दिवा परवडायचा, त्याचा उजेड ठरावीक रंगांचा, फिल्टरनं बराचसा अडवता येई. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग, निळाही भरपूर. तो अडवायला गेलं तर कृत्तिकांचं धुकंही जातं. चंद्र निदान पंधरवड्यानं बाजूला होतो.

उजेड नको असं मी म्हणत नाही. बायाबापड्या रात्री येतात-जातात, विंचूकाट्याचं भय असतं. पण या दिव्यांची तोंडं आडवी बसवलीत. निम्मा उजेड चौकात न पडता वर जातो, त्याचंही बिल गावच भरतं. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला. आम्हाला दर्जाबिर्जा नको. दिव्यांची तोंडं खाली करा आणि वरून टोपी बसवा, एवढंच.

टोप्यांचा पत्रा मी देतो. भाऊ वेल्डिंग करतो, तो मजुरी घेणार नाही. खांबावर चढायची परवानगी तेवढी हवी. दोनदा अर्ज दिला, पोचही मिळालेली नाही.

आपला,
एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव