आईचा कान, बाबांचा पाना

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न.

परवा फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बाबांनी माझ्या प्रत्येक वाक्याला "हो, हो, कळलं" म्हटलंय. हे "हो, हो" मी लहानपणापासून ओळखते. "मी ठरवलंय तेच करणार" असा त्याचा अर्थ. म्हणून कागदावर लिहिते. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आधी पंप. आई, तू त्याचा आवाज तोंडाने काढून दाखवलास, "घूंऽऽऽ", आणि म्हणालीस की नुसता गुरगुरतो, फिरत नाही. एवढं ऐकून मला निम्मं कळलं होतं. बाबा मात्र तोवर पाना घेऊन पुढचं झाकण खोलून बसले होते, वायसर बदलायला. बाबा, घूं करणारा पण न फिरणारा पंप वायसरने बरा होत नाही. वीज मोटारीपर्यंत पोचतेय, पण सुरुवातीचा धक्का मिळत नाहीये. आपली घरगुती सिंगल फेज मोटार स्वतःहून फिरायला लागत नाही, तिला कुठल्या बाजूला जायचं ते कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून धक्का देणारा छोटा डबा, सांगतो. तो गेला की ती जागच्या जागी थरथरते. दुसरं कारण म्हणजे पंप बरेच दिवस बंद राहिला आणि आतला इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, गंजाने धरला.

दोन्हींतलं कोणतं, हे कळायला पुढचं झाकण खोलायची गरज नव्हती. मेन स्विच बंद करायचा, मागच्या पंख्यावरचं आवरण काढायचं आणि शाफ्ट हाताने फिरवून बघायचा. सहज फिरला तर बहुधा कंडेन्सर. अडला तर गंज, आणि तो थोडा पुढे, थोडा मागे असं हलवत बऱ्याचदा सुटतो. मात्र घूं ऐकू आलं की लगेच बटण बंद. अडलेली मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि काही मिनिटांत वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळून जातं. दोष कंडेन्सरचा निघाला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. वीज बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असू शकतो. इथे मी तुमचं "हो, हो" धरणार नाही.

याच पंपाची जुनी तक्रार होती ना, फिरतो पण पाणी उचलत नाही? तीही जाता जाता सांगते. गळती शोधताना तुम्ही थेंब शोधता. पण खेचणाऱ्या बाजूच्या पाइपाला फट असेल तर पंप चालू असताना तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. कोरड्याठाक दिसणाऱ्या जॉइंटवरच संशय घ्यायचा. पंप चालू ठेवून प्रत्येक जॉइंटवर साबणाचा दाट फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे दोष. सगळे जॉइंट चांगले निघाले तर तळाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, त्यात कचरा अडकून तो पूर्ण मिटत नाही. आणि पंप आहे तिथून आणखी वर बसवायचा तुमचा बेत सोडून द्या. पंप पाणी खेचतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि त्या दाबाची झेप कागदावरसुद्धा सुमारे 10 मीटरच आहे. प्रत्यक्षात सात-आठच्या वर भरवसा नाही.

आता होडीचं इंजिन. "दोन मिनिटं मस्त चालतं आणि मग दमून बंद पडतं" हे वर्णनही आईचंच. बाबांचं निदान: कार्ब्युरेटर. कदाचित असेलही. पण त्याआधी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा छोटा स्क्रू बघितलात का? टाकी उचलून नेताना आपण तो घट्ट करतो आणि पुन्हा ढिला करायला विसरतो. पेट्रोल कमी होतं तशी आत पोकळी तयार होते, आणि दोन मिनिटांनी इंजिनाला खेचूनही काही मिळत नाही. नळीवरचा रबरी फुगा चपटा झालेला दिसला तर हीच खूण. मी स्वतः एकदा यापायी अख्खी सकाळ कार्ब्युरेटर खोलण्यात घालवली आहे, तेव्हा हसू नका.

स्क्रू उघडा असूनही तेच झालं, तर वास घ्या. पेट्रोल काही महिन्यांत शिळं होतं. हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, केसाएवढ्या भोकात बसतो. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल पितं, आणि प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. इंजिन नेमकं तळातून पितं. यापुढे होडी महिनाभर उभी राहणार असेल तर नळी काढून इंजिन चालू ठेवा आणि आपोआप थांबेपर्यंत थांबा. पण हे करताना खालचा भाग पाण्यात हवा. तिथे रबरी पात्यांचा इंपेलर आहे आणि पाणी हेच त्याचं वंगण. कोरडा फिरला तर पाती थोड्याच वेळात जळतात. मागून पाण्याची जी बारीक धार येते ती आणखी क्षीण झाली, तर आधी त्या भोकात पातळ तार घालून बघा. मीठ साचलेलं असतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुतलं तर तेही साचणार नाही.

होडीवरून आठवलं. बाबा, तुम्ही जस्ताचा तो ठोकळा रंगवलात! आईने फोटो पाठवला होता, मी बघतच राहिले. किती नीट, दोन हात. पण तो ठोकळा झिजण्यासाठीच बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की एक दुसऱ्याचा बळी घेतो. आपण मुद्दाम जस्त पुढे करतो, म्हणजे इंजिनाचं अॅल्युमिनियम वाचतं. रंगाखाली झाकलेलं जस्त काहीच करत नाही आणि शांतपणे कवच गंजत राहतं. ही युक्ती हंफ्री डेव्हीने 1824 मध्ये ब्रिटिश आरमाराला सांगितली होती, जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी. पत्रा वाचला, पण तळावर शिंपले आणि शेवाळ माजलं. ते तोवर दूर राहत होतं ते तांबं विरघळत होतं म्हणूनच. मला ही गोष्ट फार आवडते.

तर रंग खरवडून काढा. ठोकळा निम्मा झिजला असेल तर नवा बसवा. आणि तो नाही म्हणणारा बोल्ट: स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जाम बसलाय, जोर लावला तर डोकं तुटेल आणि मग खरं काम सुरू होईल. गंज सोडवणारं तेल आज टाका, उद्या पुन्हा टाका. हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्या, म्हणजे तेल आट्यांत उतरेल. मग सोडवण्याआधी केसभर आवळा. उलटं वाटतं, पण गंजाची पकड अशीच मोडते. तरीही हलला नाही तर बाजूचं अॅल्युमिनियम हीट गनने तापवा. ते स्टीलपेक्षा जास्त फुगतं आणि भोक किंचित मोठं होतं. पेट्रोलची टाकी आधी लांब ठेवा, आणि जिथे नुकतं तेल मारलंय तिथे ज्योत नको. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावा, पण ठोकळा जिथे टेकतो तो पृष्ठभाग कोरा, चकचकीत ठेवा. धातूला धातू लागला नाही तर हा सगळा खटाटोप फुकट.

डब्ल्यूडी-40 वरून आपला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सांगते. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. ते त्यासाठी छान आहे. दाराच्या बिजागऱ्यांना मारलं की आठवडाभर गप्प बसतात आणि मग पुन्हा कुरकुरतात, कारण त्यात टिकाऊ वंगण फार थोडं असतं. बिजागरीला जाड तेल किंवा ग्रीसच हवं.

आता आईचं म्हणणं, ज्याकडे घरात कोणी लक्ष दिलं नाही. जवसाच्या तेलाने टेबल पुसलेली फडकी बाबा गोळा करून कोपऱ्यातल्या खोक्यात टाकतात, आणि ती म्हणते खोकं गरम लागतं. बाबा म्हणाले, उन्हाने. नाही हो, बाबा. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. फडकं पसरून ठेवलं तर ती निघून जाते, बोळा केला तर आतच साठते, आणि असे बोळे आपोआप पेट घेतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. पत्र खाली ठेवून आधी ते खोकं उघड्यावर न्या. फडकी एकेक करून सुटी पसरा, नाहीतर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. बाकी सगळं उद्या केलं तरी चालेल.

राहिली शिडी. छपराची गळती शोधायला तुम्ही एकटे वर चढलात, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. रागावत नाही. पण जिथे आत थेंब पडतो तिथेच वर भोक असतं असं मुळीच नाही. पाणी वाशावरून घरंगळत पार लांब जाऊन टपकतं. जमिनीवर उभं राहून नळीने छपरावर पाणी मारा, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक पट्ट्यावर दहा मिनिटं. आईने आत टॉर्च घेऊन थांबायचं. ती हाक मारेल तिथे खडूने खूण करा आणि थांबा. वर मी चढेन. पुढच्या महिन्यात येतेच आहे. तोवर अगदीच गरज पडली, तर दर चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट दूर, आणि खाली धरायला माणूस.

फिरत्या खुर्चीचं काही करू नका, ती मी आल्यावर बघू. तंबूची चेन अडते तिला मेणबत्ती घासा. दात जुळूनही मागून उघडत असेल तर चेन ठीक आहे, सरकणारा भाग पसरलाय. पक्कडीने दोन्ही बाजूंनी अगदी हळू दाबा, एकदम जोर केला तर तो तुटेल.

पंपाचा शाफ्ट फिरला की अडला ते कळवा. फोन आईने करावा.

तुमची,
ताई