वर्ग सुरू करण्याआधी

पुणे

प्रिय नलू,

तुझं पत्र मिळालं. उल्लास या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलंस, वस्तीतल्या बायकांना शिकवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. मानधन नाही, कौतुकही फारसं नाही, तरी तू हे करणारच, मला ठाऊक होतं.

सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. पहिल्या दिवशी पाटी काढूच नकोस. एकेकीला विचार, तुम्हाला काय वाचायचंय? कुणी बसची पाटी म्हणेल, कुणी औषधाच्या पाकिटावरची तारीख, कुणी हरिपाठ. आमच्या वर्गातल्या एका मावशींना फोनवर कुणाचं नाव आलंय एवढंच कळायला हवं होतं. मग त्यांच्या लेकींच्या नावांतूनच अक्षरं घेतली. प्रवेशिका, म्हणजे कार्यक्रमाचं पहिलं वाचनपुस्तक, आहेच, तीही चित्र आणि शब्दावरूनच अक्षराकडे जाते. पण स्वतःच्या लेकीचं नाव वाचताना बाईचा चेहरा बघ, मग मला सांग.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा आठवते ना? २०१६च्या महिलादिनी सुरू झालेली, गुलाबी नऊवारीतल्या आज्यांची. शिवजयंतीच्या पारायणात आपल्यालाही पोथी वाचता यावी, ही त्या आज्यांची इच्छा. कुणीतरी ती मनावर घेतली आणि शाळा उभी राहिली. मला त्या शाळेचं सर्वांत मोल वाटतं ते यासाठी.

आणखी एक, चष्म्याचं आधी बघ. चाळिशी लागलेली असते, अक्षर दिसत नाही, पण बाई तसं म्हणत नाही. ‘माझ्या डोक्यातच शिरत नाही’ म्हणते आणि चार दिवसांनी यायची थांबते. नेत्रतपासणी शिबिर गाठून देता आलं तर वर्गाआधीच दे.

हिशेब त्यांना येतो, हे विसरू नकोस. भाजी विकणारी बाई पावशेराचा भाव तोंडी सांगते, फक्त तो कागदावर मांडायचा असतो. सगळ्यांना अहो-जाहो कर. बडबडगीतं नकोत. कुणी येईनाशी झाली तर घरी जरूर जा, पण सुनेसमोर अभ्यासाचा विषय काढू नकोस. कितीजणी घरी न सांगता येतात, तुला कल्पना नाही.

उल्लासच्या परीक्षेची धास्ती त्यांना वाटेल. दीडशे गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान पन्नास-पन्नास, प्रत्येकात ३३ टक्के हवेत. सकाळी दहा ते पाचच्या दरम्यान आपल्या सोयीनं यायचं. ते मावशी-ताईंना आधीच सांग, कामं उरकून येता येतं म्हटलं की निम्मी भीती जाते.

सही आली म्हणजे बाई साक्षर झाली, असं धरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती. मागे राहिलेल्यांत बायकाच जास्त, आणि त्यांच्या हाती नुसती सही ठेवून आपण मोकळं व्हायचं? सही झाल्यावर बँकेची पैसे काढायची स्लिप भरायला लाव. रकमेच्या रकान्यात अक्षरी आकडा लिहिता येईपर्यंत सोडू नकोस. जोडाक्षरं तिथेच अडतात, ‘रुपये फक्त’मधला क्त फार छळतो.

जाड रेघांच्या वह्या आणि मोठ्या अक्षरांचे तक्ते माझ्याकडे आहेत, पुढच्या आठवड्यात पाठवते. पहिल्या दिवशी कोण कोण आलं, कुणाला काय वाचायचंय, ते सविस्तर कळव.

तुझी,
शालू