समुद्रकाकडीची वीण

तोलियारा, मादागास्कर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

समुद्रकाकडीत, म्हणजे समुद्रतळाशी राहणाऱ्या त्या काकडीसारख्या मऊ प्राण्यात, नर कुठला, मादी कुठली हे तुम्ही फोनवर विचारलंत. वरून ओळखताच येत नाही. दोघं सारखीच, पाठ करडी, पोट पांढरट. ओळख पटते ती वीण सोडताना, तेवढ्यापुरतीच.

इथला उन्हाळा म्हणजे खानापुरात थंडी. पाणी तापलेलं असतं, तेव्हा ही वाळूतली जात विते, जास्त करून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, दुपार कलल्यावर. आधी नर वाळूतून वर येतो. मागचा भाग जमिनीला घट्ट धरून पुढचा नागासारखा उभा करतो आणि सावकाश डोलतो. डोक्याजवळ पाठीवर एक बारीक भोक असतं. त्यातून उदबत्तीच्या धुरासारखी रेताची पांढरी तार निघत राहते. ती पाण्यातून मादीपर्यंत गेली की तीही उठते. तिचं भोक आधी फुगतं, मग एकदम पिचकारी! लाखांनी अंडी, एकेक पाव मिलिमीटरहूनही लहान. उभं राहण्याचं कारण साधं: तळाशी पाणी संथ, वर वाहतं.

फसतं ते अंतरामुळे. बांधावर मक्याची दोनच ताटं उभी असली तर तुरा येतो, कणीसही धरतं, पण दाणे विरळ भरतात ना? तसंच हे. चांगल्या मोठ्या काकड्या वेचून नेल्या की उरलेल्या लांब लांब पडतात. वीण सोडतात, पण रेत पाण्यात पातळ होऊन जातं. म्हणून जनावरं दिसतात आणि पिल्लं दिसत नाहीत.

टाकीत वीण करवताना नेमकं उलटं, रेत जास्त होतं. पाणी तासभर ३ ते ५ अंशांनी तापवलं की नर सुरू होतात, पण त्यांना वेळेत बाहेर काढलं नाही तर एकेका अंड्यात अनेक शुक्राणू घुसतात आणि सगळा घाणा वाया जातो.

फळलेल्या अंड्यातून निघालेली अळी दोनेक आठवडे तरंगत सूक्ष्म शेवाळ खाते, मग समुद्रगवताच्या पात्याला चिकटते. वाळूत उतरते ती नंतर.

दाजी शेततळ्यात सोडायचं म्हणत होते, त्यांना सांगा, गोड्या पाण्यात ती जगत नाही. शिवाय भारतात २००१ पासून तिला पकडायला बंदी आहे.

आईला नमस्कार.

तुमची,
माई