फी मात्र घ्यायची, आई

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, निवृत्तीनंतर आता जिल्हा परिषदेच्या शाळेत कंत्राटी शिक्षिका म्हणून जाऊ का, असं तू विचारलं होतंस. 2023 मध्ये सरकारनं निवृत्त शिक्षकांना वयाच्या 70 वर्षांपर्यंत, महिना 20 हजार मानधनावर घ्यायचं ठरवलं होतं, हे खरं. पण ती दिवसभराची शाळा. उद्या गगनबावड्याकडची नेमणूक मिळाली तर भर पावसात एसटीनं जाणार का, त्या गुडघ्यांवर? कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं तर नेट-सेट मागतात. ते दोन्ही सोड.

माझ्या मनात आहेत त्या 17 नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसणाऱ्या बायका. लग्न लवकर झालं, शाळा सुटली, आणि आता कुठंही गेलं तरी दहावीच्या सर्टिफिकेटवाचून अडतंय. मराठी, इतिहास त्या घरी वाचून काढतात. गाडी अडते ती बीजगणितात. राजारामपुरीत क्लासेसना तोटा नाही, पण ते संध्याकाळचे, आणि पंधरा वर्षांच्या पोरांत बसायला यांना संकोच वाटतो. यांना वेळ मिळतो तो दुपारी, पोरं शाळेत असताना. तुझीही दुपार मोकळीच असते. सोप्यात चारजणी आरामात बसतील. आठवड्यातून तीन दिवस पुरे. बोर्डाचे पेपर तपासलेत तू इतकी वर्षं. कुठल्या पायरीला मार्क मिळतात हे तुझ्याएवढं कुणाला ठाऊक?

आता फीचं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, त्यांच्या गावात मी बायकांकडून पैसे घेऊ होय, असं तू म्हणणार. अगं, महाराजांनी मास्तरांचा पगार बंद केला नव्हता! फुकटच्या क्लासला पहिल्या पावसात दांडी पडते आणि तू चहाचं आधण ठेवून वाट बघत बसतेस. थोडी घे, पण महिन्याच्या सुरुवातीला घे. एखादीला खरंच जमत नसेल तर तिची फी सोड, पण हे आपसूक सगळ्यांना लागू करू नकोस. (तू करणार, मला माहितीये.) आणि हे उत्पन्न पेन्शनबरोबर रिटर्नमध्ये दाखवायचं.

बाबा, तुम्ही हसू नका. उद्यमनगरात लेथवर तुमचं आयुष्य गेलं. डिप्लोमा झालेली पोरं मायक्रोमीटर वाचताना गडबडतात, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, बघतच नाहीत, अशी तक्रार तुम्हीच करता ना? मग ओळखीच्या कारखानदाराला सांगा, आठवड्यातून दोन सकाळी येऊन नव्या पोरांना शिकवतो, तासाचे पैसे द्या. मशीनवर उभं राहायचं नाही, एवढं आधीच बोलून घ्या. नाहीतर माणूस कमी पडला की तुम्हालाच उभं करतील आणि तुम्ही नाही म्हणणार नाही.

‘घरबसल्या ऑनलाइन शिकवा’ म्हणून मेसेज येतात, त्यात रजिस्ट्रेशनचे पैसे आधी मागितले की तिथंच थांबा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. मूळ सर्टिफिकेटं कुणाच्या हातात द्यायची नाहीत, झेरॉक्स द्या.

गणपतीला येतोय. तोवर गल्लीत, महिला मंडळात विचारून ठेव. खडूनं तुला खोकला होतो, म्हणून येताना पांढरा बोर्ड आणि पेनं घेऊन येतो. भिंतीवर खिळा कुठं मारायचा ते बाबांनी ठरवावं.

तुमचा,
बाळू