नाकाच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हे वाच

चिनू,

तुझा मेसेज वाचला, खालचे दोन फोटो पण बघितले, एक तुझा आत्ताचा आणि एक त्या क्लिनिकवाल्यांनी कॉम्प्युटरवर करून दिलेला. मुद्दाम फोन नाही केला. फोनवर आपलं काय होतं तुला माहितीय, पाचव्या मिनिटाला तू "बरं आई, ठेवतो" म्हणणार आणि मग मी बाबांचं डोकं खाणार. म्हणून लिहितेय, लांबलचक होणारे, पण एका बैठकीत पूर्ण वाच.

एक आधीच क्लिअर करते, करू नको म्हणून लिहीत नाहीये. इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढल्यावर मी नाकाची ऑपरेशनं करून खुशीत घरी गेलेली माणसं भरपूर बघितलीत. शाळेत नाकावरून चिडवलेलं पोरगं मोठं होऊन स्वतःच्या पैशाने ते नाक नीट करून घेतं यात मला काही उथळ वगैरे वाटत नाही. १८९८ मध्ये बर्लिनच्या जाक जोसेफ नावाच्या डॉक्टरांनी एका माणसाचं मोठं नाक लहान करून दिलं, तो नाकापायी लोकांत जायलाच लाजायचा, आणि ऑपरेशननंतर पार बदलला. म्हणजे हे काही आजच्या इन्स्टाचं खूळ नाही. "देवाने दिलंय ते ठेव" हे तुला माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही, त्यासाठी बाबा आहेत.

मला खटकलं ते तू शेवटी सहज लिहिलेलं वाक्य. या महिन्यात अ‍ॅडव्हान्स भरला तर डिस्काउंट आहे. अरे, डिस्काउंट कशाचं, मोबाईल घेतोयस का? अपेंडिक्स फुटायला आलं की माणसाला विचार करायला तासभर पण मिळत नाही, जिथे नेतील तिथे झोपायचं. आणि हे एवढं एक ऑपरेशन असं आहे की त्याला कसलीच घाई नाही, आज नाही केलं तर सहा महिन्यांनी पण नाक तिथेच आहे, आजार वाढणार नाही, काही बिघडणार नाही. हा वेळ म्हणजे तुझ्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आणि तीच ते डिस्काउंट दाखवून काढून घेतायत. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने २०१६ पासून डॉक्टरांना लिहूनच दिलंय, कॉस्मेटिक प्रोसिजरआधी पेशंटला विचार करायला पुरेसा वेळ द्यायचा, घाईने हो म्हणायला लावायचं नाही, आणि संमती डॉक्टरने स्वतः बोलून घ्यायची, दुसऱ्या कुणावर ढकलायची नाही. तुझ्याशी आत्तापर्यंत कोण बोललंय? तुझ्या मेसेजवरून मला तरी वाटतंय की ती गोड बोलणारी काउन्सेलर. सर्जन भेटलाच नाहीये अजून, आणि फोटो मात्र तयार!

त्या फोटोचं पण सांगते. तो सॉफ्टवेअरने केलेला फोटो म्हणजे बोलण्यापुरता असतो, तुला काय हवंय आणि डॉक्टरला काय समजलंय ते जुळतंय का बघायला. ती गॅरंटी नाही. सॉफ्टवेअरला कातडी जाड आहे की पातळ ते कळत नाही, कूर्चा, म्हणजे नाकातलं ते लवचिक मऊ हाड, किती मजबूत आहे ते कळत नाही, जखम भरताना आतून व्रण कसा धरेल हे तर कुणालाच आधी कळत नाही. तुझी कातडी माझ्यासारखी जाड आहे, तेलकट. अशा कातडीखाली नाकाचा शेंडा कितीही बारीक कोरला तरी वरून तेवढा दिसत नाही आणि सूज पण जास्त दिवस राहते. हे तुला त्यांनी सांगितलं का?

आता मुळात काय खुपतंय ते बघ. "नाक चांगलं दिसत नाही" असं सर्जनला सांगून चालत नाही. मधला उंचवटा नको आहे, का शेंडा खाली आलाय, का नाकपुड्या रुंद वाटतात, का एका बाजूला वाकडं आहे, एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर अजून वेळ झालेली नाही एवढं समज. आणि कुठल्या फोटोत खुपतंय ते पण बघ, कारण तू पाठवलेला फोटो सेल्फी आहे, हात लांब न करता काढलेला. कॅमेरा जवळ असला की जे पुढे आहे ते मोठं दिसतं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाकच असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं होतं, पाच फुटांवरून दिसतं त्याच्या तुलनेत एक फुटावरच्या सेल्फीत पुरुषाचं नाक साधारण ३० टक्के रुंद दिसतं. तीस! एखाद्या मित्राला पाच-सहा फुटांवर उभं कर, झूम करून काढायला सांग, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि मग बघ की अजूनही तेवढंच खुपतंय का. आरशातलं नाक आणि फोटोतलं नाक पण वेगळं वाटतं कारण आरशात डावं-उजवं उलट असतं आणि आपल्याला रोज तेच बघायची सवय. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रांना मात्र सरळ फोटो. म्हणजे जे तुला विचित्र दिसतं तेच आम्हाला तू वाटतं.

आणि एकदा बाजूने हनुवटी पण बघ. हनुवटी मागे असली की नाक आहे त्यापेक्षा मोठं वाटतं, चांगला सर्जन नाक बघायच्या आधी अख्खा चेहरा बघतो. (याचा अर्थ आता हनुवटीचं पण करून घे असा काढू नकोस.)

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. तू लहानपणी सायकलवरून तोंडावर पडला होतास ते तुला आठवत नसेल, मला आठवतंय. तेव्हापासून तू तोंड उघडं टाकून झोपतोस. घरी येतोस तेव्हा रात्री पाणी प्यायला उठलं की तुझ्या खोलीतून आवाज येतो, डाव्या कुशीवर असलास की जास्त, आणि सकाळी उठल्या उठल्या पहिलं पाणी मागतोस कारण तोंड कोरडं पडलेलं. लोक ज्याला नाकाचं हाड वाढलंय म्हणतात ते बहुतेक वेळा वाढलेलं नसतं, मधला पडदा एका बाजूला सरकलेला असतो. तुझं तसं असेल तर आधी कान-नाक-घसा वाल्यांकडून आतून दुर्बिणीने बघून घे. कारण बाहेरचा उंचवटा तासला की आतली श्वासाची वाट कधी कधी अरुंद होते, नाक दिसायला सुबक आणि श्वास घेताना बाजूच्या भिंती आत ओढल्या जातात, असे पेशंट परत टेबलावर आलेले मी बघितलेत आणि तुला सांगते, सुंदर नाक असून तोंडातून श्वास घेणारा माणूस फार चिडका होतो. उलट पडदा सरळ करायचा असेल तर दोन्ही कामं एकाच वेळी होऊ शकतात, आणि पडद्यातली काढलेली कूर्चाच बाहेरच्या आकाराला वापरता येते. इन्शुरन्सवाले पण नुसत्या दिसण्यासाठी सहसा पैसे देत नाहीत, श्वासाचा त्रास कागदावर असला तर त्या भागाचा विचार तरी होतो. त्या क्लिनिकने तुला श्वासाबद्दल एक प्रश्न विचारला नाही यावरूनच माझं मत झालंय.

सर्जन शोधताना नुसतं "कॉस्मेटिक सर्जन" या पाटीवर जाऊ नको, कितीतरी देशांत ही पाटी कुणीही डॉक्टर लावू शकतो. प्लास्टिक सर्जरीचं किंवा कान-नाक-घशाचं रीतसर शिक्षण आहे का, मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी आहे का, हे बघ. मग तोंडावर विचार, नाकं किती करता वर्षाला, माझ्यासारख्या जाड कातडीच्या पुरुषांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवा, आणि नंतरचे म्हणजे वर्षानंतरचे, तिसऱ्या आठवड्यातले नाही. पुन्हा करावं लागलं तर खर्च कोणाचा? हे विचारायला लाजू नको, नाकाच्या बाबतीत दुसऱ्यांदा करायची वेळ येणारे शंभरात पाच ते पंधरा धरतात, चांगल्या हातांकडे पण. भूल कोण देणार, वेगळा भूलतज्ज्ञ आहे ना, रात्री काही झालं तर सोय काय. यातल्या कुठल्या प्रश्नावर सर्जन वैतागला तर थँक्यू म्हणून उठ. आणि जो म्हणेल "तुझ्या नाकाला फारसं काही करायची गरज नाही" त्याचं नाव लिहून ठेव, आपण त्याच्याकडेच जाऊ.

तुझ्या मित्राने सुचवलेलं ते फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचं जेल, "सुई मारली की झालं" वालं. फिलरने नाक लहान होत नाही, खड्डा भरून सरळ दिसतं एवढंच, आणि वर्षभरात बहुतेक विरतं. ते सोपं वाटतं म्हणून लोक ब्यूटी पार्लरमध्ये पण करून घेतात आणि तिथेच माझं रक्त खवळतं. नाकाच्या आणि भुवयांच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात, फिलर चुकून आत गेलं तर कातडी काळी पडते, क्वचित कायमची दृष्टी जाते. क्वचित, पण जाते. करायचंच झालं तर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं, ज्याला विरघळवणारं इंजेक्शन असतं, आणि ते इंजेक्शन त्याच खोलीत तयार ठेवणाऱ्या डॉक्टरकडे. आणि गालातली चरबी काढायचं जे तू कंसात लिहिलंयस ना, ते तर आत्ता डोक्यातून काढच. वयाबरोबर चेहऱ्यातली चरबी आपोआप कमी होते, पंचविशीत काढलेली चाळिशीत परत आणता येत नाही, गाल बसलेले दिसतात.

ऑपरेशननंतरचं रीलमध्ये कधी दाखवत नाहीत ते सांगते. शुद्धीवर येशील तेव्हा नाकावर स्प्लिंट म्हणजे आधाराची कडक पट्टी, नाकाखाली मिशीसारखी बांधलेली गॉजची पट्टी, ती लाल झाली की बदलायची. नाकातून श्वास नाही, तोंडाने घ्यायचा, ओठ जिभेला चिकटतात. घशात उतरलेलं रक्त पोटात गेलेलं असतं म्हणून कुणाकुणाला उलटी होते आणि ती काळी-लाल बघून घाबरतात. दुखणं तसं लोकांना वाटतं तेवढं नसतं, कोंडल्यासारखं मात्र होतं. डोक्याखाली दोन उशा घेऊन उताणं झोपायचं, तुझ्यासारख्या पोटावर झोपणाऱ्याला हीच खरी शिक्षा. डोळ्यांखाली निळं-काळं, ते दीड-दोन आठवड्यांत जातं. साधारण आठवड्याने स्प्लिंट निघतं, आणि त्या दिवशी आरसा हातात दिला की बरेच जण गप्प होतात, काही रडतात, कारण नाक सुजलेलं असतं आणि शेंडा डुकरासारखा वर. मग आई-बाप आम्हाला येऊन विचारतात, हे असंच राहणार का. नाही राहत. मोठी सूज महिनाभरात उतरते, शेंड्याची मात्र वर्षभर, जाड कातडीला त्याहून जास्त. शेंडा आणि वरचे पुढचे दात काही महिने बधिर वाटतात. चष्मा साधारण महिना-दीड महिना नाकावर टेकवायचा नाही, तू तर चष्मेवाला, लेन्सची सोय आधी करून ठेव. नाक शिंकरायचं नाही, फुटबॉल विसर. त्यामुळे अमक्या लग्नाआधी, तमक्या जॉइनिंगआधी असं मागून मोजत तारीख धरू नको, आणि वर्ष होण्याआधी परत दुरुस्ती करू असं म्हणणाऱ्याकडे पण जाऊ नको.

सिगारेटचं मला माहितीय, नाटक नको. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, कातडी मरू शकते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतर पण तेवढेच बंद, व्हेपपण बंद, निकोटिनच्या गोळ्या आणि पॅच पण चालणार नाहीत. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, जिमवाल्याने दिलेल्या फिश ऑइल आणि व्हिटॅमिन ई च्या गोळ्या, यांनी रक्तस्राव वाढू शकतो, सगळं डॉक्टरला सांग, हर्बल आहे म्हणून लपवू नको. आणि मावशीला भुलेच्या वेळी त्रास झाला होता, ते भूलतज्ज्ञाला सांगायचंच, विसरलास तर मी येऊन सांगेन.

एक प्रश्न मी जरा घाबरतच विचारतेय. दिवसातून किती वेळ जातो यात? आरशात, फोटोत, झूम करण्यात? नाकामुळे तू कुठे जायचं टाळतोस का, कॅमेरा बंद ठेवतोस का मीटिंगमध्ये? थोडं खुपणं वेगळं, पण दिवसाचे तास त्यातच जात असतील तर त्याला बॉडी डिसमॉर्फिया म्हणतात, शंभरात साधारण दोघांना असतो, आणि त्यात ऑपरेशनने बरं वाटत नाही, नाक झालं की हनुवटी सुरू होते, मग गाल. (गालावरून मी जरा दचकले होते खरं.) त्यावर उपचार आहेत, गोळ्या आहेत, थेरपी आहे आणि त्याने माणसं बरी होतात. असं काही असेल तर मला नाही सांगितलंस तरी चालेल पण डॉक्टरला सांग. आणि ती गेल्या वर्षी सोडून गेली त्याचा याच्याशी संबंध आहे का हे मी विचारणार नाहीये, तू तुला विचार.

तर आत्ता तू एवढंच कर. अ‍ॅडव्हान्स भरू नको, भरला असशील तर रिफंडची अट काय आहे त्याचा फोटो पाठव. कान-नाक-घसा वाल्यांची अपॉइंटमेंट घे, मग दोन वेगवेगळ्या सर्जनची, दोघांना एकमेकांबद्दल न सांगता. तारखा मला कळव, मी ड्यूटी बदलून घेते आणि सोबत येते, आत आले तरी तोंड बंद ठेवीन, फक्त ते काय बोलतात ते लिहून घेईन कारण अशा वेळी पेशंटला निम्मं ऐकूच येत नाही. बाबांना अजून काही बोलले नाहीये. तू सांगणार आहेस का मी सांगू?

आई