ब्लूमिंग्टनची मिरवणूक आणि जेएमयूची तेरा पोरं

नागपूर, २५ जानेवारी २०२६

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी सकाळी तुझा फोन आला तेव्हा ब्लूमिंग्टनच्या कर्कवुड ॲव्हेन्यूवरच्या आरडाओरड्यात तुझं अर्धंच बोलणं कळलं. आई घाबरली, दंगल झाली की काय म्हणून. मग एवढं एक वाक्य स्वच्छ ऐकू आलं, "बाबा, पैशाने खेळ बिघडतो म्हणत होता ना तुम्ही? आता बोला!" फोनवर काही सुचलं नाही. आता लिहितो.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या अंतिम सामन्यात मायामीवर २७-२१, हंगामात १६ पैकी १६ सामने! अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेज संघांत सर्वांत जास्त सामने हरल्याची नोंद वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर होती, त्या तुमच्या इंडियाना विद्यापीठाने हे केलं. चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, तुमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) मेंडोझा स्वतःच चेंडू घेऊन बारा यार्ड घुसला, ते मी तीनदा पाहिलं. शेवटी अंग झोकून दिलं पोराने. तर तुझा आनंद खरा आहे, आणि खेळाडूंना पैसे नि कॉलेज बदलायची मुभा मिळाल्यामुळे आता कोणीही जिंकू शकतं, या तुझ्या मुद्द्यातही दम आहे, हे आधी कबूल करतो.

पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बाकावर काढावं लागे. त्यामुळे अलाबामासारखे संघ ८५ शिष्यवृत्त्यांवर देशातली उत्तम पोरं गोळा करून ठेवत, आणि जो पोरगा दुसरीकडे पहिल्या दिवसापासून खेळला असता तो तिथे तिसऱ्या फळीत उभा राही. निक सेबनने तिथे सहा विजेतेपदं मिळवली. तो प्रशिक्षक मोठाच, पण या कुलपाचाही त्यात वाटा होता. २०२१ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. एकदा कॉलेज बदललं तर लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि १ जुलैपासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातींचे पैसे घेता येऊ लागले. २०२४ पासून तर कितीदाही बदला. कुलूप निघालं. यंदाच्या उपांत्य फेरीतले चारही क्वार्टरबॅक दुसरीकडून आलेले होते: मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून, मायामीचा बेक जॉर्जियातून, ओरेगनचा मूर यूसीएलएमधून आणि ओल मिसचा चॅम्ब्लिस तर फेरिस स्टेट या दुसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजातून. तो शेवटचा मला फार आवडला. जुन्या नियमांत त्याचं नाव कुणी ऐकलं असतं?

मग माझं कुठे अडतं? तुझ्या "आता कोणीही जिंकू शकतं" मधल्या "कोणीही"पाशी. गेल्या वर्षी कोर्टात तडजोड झाली आणि कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. हे छत आहे, जमीन नव्हे. ज्याच्याकडे आहे तो तिथवर जाईल, वर धनाढ्य माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीने जाहिराती मिळवून देईल. नसेल त्याने काय द्यायचं? तुमच्या इंडियानाचा अब्जाधीश माजी विद्यार्थी मार्क क्यूबन आहे. टेक्सास टेकमागे तेलवाला कोडी कॅम्पबेल उभा राहिला आणि त्यांनी बिग ट्वेल्व्ह या त्यांच्या गटाचं विजेतेपद जिंकलं. वरच्या चार-पाच घरांची मक्तेदारी मोडली, पण ती पंधरा-वीस घरांत वाटली गेली, एवढंच.

आता तुमचे प्रशिक्षक सिग्नेटी साहेबांचंच बघ. ते जेम्स मॅडिसन विद्यापीठातून (जेएमयू) आले, येताना तिथली तेरा पोरं घेऊन आले. त्या पोरांना घडवलं कुणी? ज्याने नर्सरी लावली त्याच्या हाती काय आलं? (तू म्हणशील, यंदा जेएमयूसुद्धा प्लेऑफला, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीला, पोचलं. पोचलं, मान्य. ओरेगनने त्यांच्यावर ५१ गुण ठोकले, आणि त्यांचा नवा प्रशिक्षक यूसीएलएने उचलला. परत पहिल्यापासून.)

तू शाळेत होतीस, आठवतं? १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिली रणजी जिंकली तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. वसीम जाफर मुंबईचा, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे. "आपल्यात मुंबईची माणसं काहून?" असं कुरकुरणाऱ्या शेजाऱ्यांशी मी भांडलो होतो. म्हणजे बाहेरून माणूस आणणं मला पाप वाटत नाही. पण जाफर तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा, मुंबईचं देणं फेडून आलेला. फैज फजल, गुरबानी, वाडकर, सरवटे हे आपलेच. बाहेरचे दोघे-तिघे आणि भोवती घरची पोरं, असा तो घाट होता. एका मोसमात अर्धा संघ नवा, हे मला अजून पचत नाही. कदाचित वय झालं.

पोरांनी पैसे घेऊ नयेत असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. इतकी वर्षं स्टेडियम भरत होतं, प्रशिक्षक लाखो डॉलर नेत होते आणि गुडघे मोडत होते पोरांचे. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियातून येणारे ते किक मारणारे तुझ्यासारखेच विद्यार्थी व्हिसावर असतात, त्यांना या कमाईत व्हिसाच आडवा येतो. तू काही भलत्या उद्योगात पडू नकोस.

मेंडोझा आता एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाईल. त्याच्या जागी टीसीयू या दुसऱ्या कॉलेजचा जोश हूवर आणलाय म्हणे. मिरवणूक निघायच्या आधीच ठरलं होतं. तो कसा खेळतो ते सप्टेंबरात कळव. आणि जेएमयूचा एखादा सामना कुठे दिसत असेल तर लिंक पाठव, आता त्यांच्याकडेही लक्ष ठेवावंसं वाटतंय.

आईने तिळाच्या वड्या पाठवल्यात, मिळाल्या की सांग. थंडीत कानटोपी घाल.

तुझा,
बाबा