डेबियनची घटना वाचायला शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहिणार नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, तेव्हा तेवढं सहन करा.

मी मराठी भाषांतरं करत डेबियनमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पात आले. एका पॅकेजसाठी (त्यातल्या एका प्रोग्रामसाठी) पाठवलेला माझा पॅच, म्हणजे छोटी दुरुस्ती, ते पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरने दोन ओळींत परत केला आणि मी तावातावाने तुम्हाला विचारलं, ‘याच्या वर कोण आहे?’ तुम्ही उत्तर दिलं नाही, डेबियनची घटना, म्हणजे प्रकल्पाचा कारभार ठरवणारी नियमावली, उघडून दिलीत. 1998 सालचा तो दस्तऐवज आपण कलमागून कलम मराठीत बोलत वाचला. सुरुवातीलाच लिहिलंय की या घटनेमुळे कोणावरही काम करण्याची सक्ती होत नाही. सोपवलेलं काम नको असेल तर करू नये, फक्त रीतसर झालेल्या निर्णयांच्या आड येऊ नये. हे वाचून मला आधी हसू आलं. पगार नाही, साहेब नाही, सक्ती नाही, आणि तरीही एवढी मोठी ऑपरेटिंग सिस्टीम 1993 पासून चालू आहे!

त्या दिवसापासून माझा ‘वर कोण’ हा प्रश्न सुटला. आपल्या पॅकेजपुरता शब्द मेंटेनरचा. प्रोजेक्ट लीडर दर वर्षी निवडून येतो, तो कामं सोपवतो, पण सोपवलेल्या माणसाचा एखादा ठरावीक निर्णय त्याला फिरवता येत नाही. मेंटेनरचा निर्णय टेक्निकल कमिटी बदलू शकते, पण त्यासाठी तीनास एक बहुमत लागतं. आणि सगळ्यांच्या वर सर्व डेव्हलपरांचा, म्हणजे मत असलेल्या सदस्यांचा, सार्वत्रिक ठराव. तो एकाने मांडायचा, पाच जणांनी पाठिंबा द्यायचा, की मतदान. माझा पॅच यातल्या कुठल्याच पायरीला लागण्याइतका मोठा नव्हता, हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

सिस्टम-डीचा किस्सा मात्र तुमच्याच तोंडून ऐकावा. कॉम्प्युटर सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणारा प्रोग्राम कोणता घ्यायचा, यावरचं ते भांडण. फेब्रुवारी 2014 मध्ये टेक्निकल कमिटीतले आठ जण सिस्टम-डी आणि अपस्टार्ट यांच्यात चार-चार असे विभागले गेले आणि अध्यक्ष बिडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टम-डी ठरलं. भांडण तिथे मिटलं नाही. नोव्हेंबरात सार्वत्रिक ठराव आला, आणि जिंकला कोणता पर्याय? ‘ठरावाची गरज नाही’ हा! 2019 मध्ये याच विषयावर पुन्हा मतदान झालं. मला ही चिकाटी आवडते. लोकांनी कडू बोलून घेतलं, काही जण सोडून गेले, पण कमिटीचा निर्णय कसा झाला आणि तो कुठे फिरवता येतो, याबद्दल कोणाला अंदाज बांधावा लागला नाही.

मतमोजणी समजायला मला जास्त वेळ लागला. पर्यायांना एक, दोन, तीन असे क्रम द्यायचे, मग मोजताना प्रत्येक जोडीची झुंज लावायची. जो बाकी सगळ्यांना हरवतो तो जिंकला. गोल फिरला, म्हणजे अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने अ ला हरवलं, तर सगळ्यांत कमकुवत पराभव वगळत जायचं. यात ‘यांपैकी काहीच नाही’ हाही पर्याय असतो आणि तो शोभेचा नाही. त्याला न हरवणारा पर्याय बादच होतो. आपल्याकडे विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांतला पहिला आमदार होतो. (राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता फेरनिवडणुकीचा आदेश काढला, हे तुम्हीच सांगितलं होतं. तुम्हाला असल्या गोष्टी कुठून कळतात?)

2022 चं फर्मवेअरचं मतदान याच पद्धतीने झालं. वायफायसारखे भाग चालवायला लागणारं फर्मवेअर (त्या भागांतलं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा अमुक्त असतं, म्हणजे ते बदलायची मोकळीक नसते. ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालायचं आणि त्यासाठी सामाजिक करार, म्हणजे डेबियनने वापरकर्त्यांना दिलेलं वचन, बदलायचा, असा एक पर्याय होता आणि त्याला तीनास एक बहुमत लागत होतं. ते मिळालं. 2023 च्या डेबियन 12 पासून नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना लोकांची फरफट कमी झाली. तत्त्वाला मुरड पडली, असं मला अजूनही वाटतं. पण मुरड कोणी, किती आणि कोणत्या नियमाने घातली, हे कोणीही जाऊन पाहू शकतं.

सगळ्यांत मोठं ऋण वेगळंच आहे. मला वाटायचं, पॅकेज न करणाऱ्याला इथे मत कसलं? तुम्ही 2010 चा ठराव दाखवलात: भाषांतर, दस्तऐवज, चित्रं असं काम करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्य करून घ्यायचं, मतासकट. मग माझी कागदपत्रं तपासून, माझी ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीचा फिंगरप्रिंट (तिचा ओळखक्रमांक) अक्षर अक्षर जुळवून तिच्यावर डिजिटल सही केलीत, शिफारसही लिहिलीत. सदस्यत्वाचा अर्ज अजून चालू आहे.

आणि हो, सार्वत्रिक ठरावांचं मतदान 2022 मध्ये गुप्त केलं, ते बरोबर झालं असं तुम्ही म्हणता. कोणी कुठे मत दिलं हे पूर्वी नावानिशी दिसायचं, त्यात धमक असायची असं माझं म्हणणं आहे. तुमचा मुद्दा मला कळतो, पटत नाही. पुढच्या फोनला तिथूनच सुरू करू.

तुमची,
मराठी भाषांतरवाली